आपली भाषा

मेंदूच्या आजारात नवरा इंग्रजी पार विसरला. उरली फक्त लहानपणीची इटालियन. चाळीस वर्षं त्याच्याशी इंग्रजीतच भांडलेली बायको सत्तराव्या वर्षी इटालियनच्या शिकवणीला बसली. फ्रिजपासून दाराच्या कडीपर्यंत शब्दांच्या चिठ्ठ्या डकवल्या. "खुर्चीला कसलं आलंय बाईपण? इंग्रजीत नसतं असलं काही!" म्हणून शिक्षिकेशी रोज हुज्जत घातली. जीव मेटाकुटीला आला, पण थांबायला सवड कुणाला होती? तो दिवसेंदिवस गप्प होत चालला होता.

आज त्याच्या उशाशी बसून तिने पहिल्यांदाच न अडखळता इटालियनमध्ये विचारलं, "बरं वाटतंय ना? काही हवंय?"

त्याचा चेहरा उजळला.



"बाई, तेवढं माझ्या बायकोला आत बोलवा. तिला आपली भाषा येत नाही हो, बाहेर एकटीच कावरीबावरी झाली असेल."