पुरावा

२०१०ची दिवाळी सरली आणि ऊसतोडीला निघायची लगबग सुरू झाली. चौथीच्या वर्गात हाफिजाबाईंचा एकच नियम होता: गोष्टीत पुढं काय होणार ते सांगायचं, पण पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून. “हरवलेली शेळी परत येणार,” म्हणत वर्षाराणीनं “तिचं करडू गोठ्यातच होतं” या ओळीवर बोट टेकवलं. तेवढ्यात तिचा बाप दारात आला. पोर शाळा सोडून उसाच्या फडावर जाणार, असं समजून बाईंनी पुस्तक मिटलं. वर्षाराणी मात्र हसली. “आबा मला नेत न्हाईत, बाई.” “कावून गं? पुरावा?” “सगळ्यांची ताटं गाठोड्यात बांधली. माझं काकूच्या मांडणीवर हाय.” बाप खळखळून हसला. “हेच सांगाया आलतो. आधीच वाचलं हिनं!” गोष्टीतली शेळीही परत आली. इतक्या वर्षांनी आबा आता गावातच दूध विकतात, बाई निवृत्त झाल्या, आणि वर्षाराणीबाई वर्गात विचारतात, “बोट कुठाय?”