मोटारीच्या खोलीतली सही

"तितंच थांब, बाई. फाटकाच्या आत येऊ नको."

काकासाहेबांनी हे ओट्यावरूनच सांगितलं, उपरण्याचा बोळा तोंडावर दाबून. फाटकाबाहेर त्यांची एकुलती एक लेक सत्यशीला उभी होती. कडेवर दोन वर्षांची पोर, पायाशी ट्रंक. सुरतेहून जालन्यापर्यंत ट्रकनं आणि पुढं वाटूरपर्यंत मिळेल त्या जीपनं ती आली होती. १९९४ सालचा सप्टेंबर संपत आला होता आणि सुरतेतल्या प्लेगची बातमी गावात तिच्याआधीच पोचली होती.

"दादा, मला काही झालं न्हाई. दवाखान्यात दाखवून आल्ते."

"न्हाई झालं तर चांगलंच हाय. एकवीस दिवस मळ्यात राहा, हिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. मंग घर तुझंच हाय."

मागं दारात सत्यशीलेची आई द्वारकाबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना बोलायची वेळ फारशी आलीच नव्हती.

काकासाहेब वाटूरचे तलाठी. गावाचे सातबारे त्यांना तोंडपाठ होते, आणि माणसंही. कोण कशाला भितं हे एकदा कळलं की आपलं कधी नुकसान होत नाही, असं त्यांचं ठाम मत. त्याच आठवड्यात ते जालन्याला अप्पाराव दलालाच्या दुकानात गेले. प्लेगच्या धास्तीनं परदेशांनी विमानं थांबवली होती, देशातली अर्धी रिकामी उडत होती, आणि एका नव्या विमान कंपनीचा पंचावन्नचा शेअर वीस रुपयांवर आला होता.

"सगळे विकून राह्यले अन् तुमी घेऊन राह्यले?" अप्पारावानं विचारलं.

"रोग दोन महिन्यांचा, अप्पाराव. इमानात बसायची हौस जन्माची. लोकं बिनकामाचे भिऊन राह्यले. द्या दोन हजार."

फंडातून काढलेले चाळीस हजार त्यांनी मोजून दिले. निवृत्तीनंतर जालन्यात बांधायच्या घराचे ते पैसे होते. सरकारी नोकरानं स्वतःच्या नावावर एवढे शेअर घेतले की साहेबाला उत्तर देणं आलं. म्हणून नाव लेकीचं घातलं.

मळ्यात रोज दुपारी काकासाहेब जेवणाचा डबा बांधावर ठेवत, वीस पावलं मागं येत आणि मग हाक मारत. बाराव्या दिवशी डब्याबरोबर शेअर नावावर करायचा फॉर्म होता आणि त्यांचं शाईचं पेन.

"सही कर. फुलीपाशी."

सत्यशीलेनं फॉर्म वाचला. "मी घरात न्हाई चालत, अन् माही सही चालते का?"

"सहीला रोग होत न्हाई."

तिनं सही केली. शाळेत अक्षराचं बक्षीस तिनं कधी सोडलं नव्हतं. फॉर्म दगडाखाली ठेवून ती खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. काकासाहेब पुढं झाले. त्यांनी चुलीच्या चिमट्यानं फॉर्म उचलला, बाटलीतलं फिनेलचं पाणी त्याच्यावर दोन्ही बाजूंनी शिंपडलं आणि दोन खड्यांखाली उन्हात वाळत घातला.

"पेन राहू दे तुलाच," ते लांबून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अप्पारावानं फॉर्म नाकाशी नेला. "दवाखान्यातून आणला का काय?" पण कंपनीनं काही हरकत घेतली नाही. कागद सत्यशीलेच्या नावावर होऊन आले.

बाविसाव्या दिवशी द्वारकाबाईंनी पुरण घातलं. लेक घरी आली नाही. ती मळ्यातूनच रस्त्याला लागली आणि सुरतेला गेली.

काकासाहेबांचा हिशोब मात्र बराबर निघाला. प्लेग दोन महिन्यांत ओसरला. पुढच्या दिवाळीला शेअर नव्वदवर गेला. त्यांनी जालन्यात प्लॉट पाहिला, विसारही दिला, आणि विकायचा फॉर्म सहीसाठी सुरतेला धाडला. आठ दिवसांत तो सही होऊन आला. महिन्याभरानं कंपनीकडून परत आला. शेरा होता : सही जुळत नाही.

काकासाहेबांनी नवा फॉर्म धाडला. सोबत चिठ्ठी : सही नीट कर. तोही सही होऊन आला आणि परत फिरला. बँकेकडून सही खरी करून आणा, असं कंपनीनं कळवलं. सत्यशीलेचं कुठल्याच बँकेत खातं नव्हतं. ते उघडेपर्यंत उन्हाळा गेला. उन्हाळ्यानंतर कंपनीची विमानं उडायची बंद झाली. शेअर चार रुपयांवर आला, मग त्याला चारलाही कोणी विचारेना. प्लॉटचा विसार बुडाला.

अप्पारावानं कंपनीच्या दप्तरातल्या जुन्या सहीची झेरॉक्स मागवली. काकासाहेबांनी ती एकदाच पाहिली. मोटारीच्या खोलीत डूख धरून बसलेली लेक त्यांच्या डोळ्यांपुढं लख्ख उभी राहिली. त्याच रात्रीच्या गाडीनं ते सुरतेला निघाले.

"या दादा," सत्यशीलेनं दार पूर्ण उघडलं. "असे आत या."

ते उंबऱ्यावरच उभे राहिले. झेरॉक्स त्यांनी तिच्यापुढं धरली.

"एकवीस दिवसांचा असा बदला घेतला का तू? बापाच्या घराचं वाटोळं केलं. मुद्दाम केली का न्हाई असली सही?"

सत्यशीलेनं कागद उजेडात नेला. तिचं नाव होतं. जाड, पसरलेलं, एक अक्षर दुसऱ्यात विरघळलेलं. तिनं ते बराच वेळ पाहिलं, घडी घातली आणि कागद बापाच्या हातात परत दिला.

"सही माहीच हाय, दादा," ती म्हणाली. "धुतली तुमी."