सरावाचा पेशंट

पेशंटशी माणसासारखं कसं बोलावं, हा पनवेलच्या एका मेडिकल कॉलेजात आता अभ्यासाचा विषय आहे. सरावाला पेशंट म्हणून ओवे गावचे काशिरामकाका येतात. जत्रेतल्या नाटकांमुळे मरण्यात त्यांचा हात बसलाय. छाती धरून, "मेलो, मेलो" करत असे कोसळतात की विद्यार्थी टाळ्या वाजवतात.

आज तास नसताना काका आले आणि घाम पुसत बाकावर बसले.

"काका, आज सुट्टी आहे. उगाच फुकट मरू नका," त्या वर्गातला स्वानंद हसत म्हणाला.

"काय नाय रं पोरा. जरासा दमलो हाय. तू तुजा काम कर."

इतका फिका अभिनय काकांनी कधीच केला नव्हता. स्वानंद स्ट्रेचर आणायला धावला.