गरज असेपर्यंत

अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या मानसिक उपचारगृहात आठ दिवस नुसत्या सूपवर काढून रसेलने नवव्या सकाळी दोन पॅनकेक खाल्ले. त्याच्या बहिणीला, व्हर्नाला, राहवेना. विमा कंपनीच्या बाईंचा चौकशीचा फोन येताच तिने आधी तेच सांगून टाकलं.

"वा, सुधारले की. मग उद्या घरी न्या, पुढचा खर्च कंपनी देणार नाही."

"अहो, आत्ता कुठे घास उतरलाय. गरज असेपर्यंत ठेवायचं, असा कायदा आहे ना?"

"तेच म्हणतेय मी, मॅडम. खाणाऱ्या माणसाला कसली गरज?"

आपण चांगली बातमी दिली की वाईट, हेच व्हर्नाला उमगेना.

दुसऱ्या दिवशी घरी तिने गरम पॅनकेक वाढले. रसेलने हळूच ताटली मागे सारली.

"व्हर्ना, त्या बाईंना विचार ना, किती दिवस नाही खाल्लं की परत ठेवून घेतात?"