चाळिसावा प्रयोग

आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा नाटककार तालमीत गुंतला होता. "उद्या नक्की येतो, दादा," असं त्याने फोनवर सांगितलं आणि तो उद्या उजाडायच्या आतच आई गेली. तेव्हापासून थोरल्या भावाने त्याच्याशी बोलणं टाकलं, त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

शेवटी नाटककाराने दोन भावांवर नाटक लिहिलं. साठ खुर्च्यांच्या एका छोट्याशा हॉलमध्ये त्याचे प्रयोग व्हायचे. शेवटच्या प्रवेशात धाकटा भाऊ थोरल्याचे पाय धरून म्हणायचा, "दादा, चुकलो रे मी." लोक डोळे पुसायचे आणि नाटककार मागच्या भिंतीला टेकून एकटाच उभा असायचा. दर प्रयोगाचं आमंत्रण तो दादाला न चुकता पाठवायचा. उत्तर एकदाही आलं नाही.

चाळिसाव्या, म्हणजे शेवटच्या प्रयोगाला मात्र दादा आला. पडदा पडला, लोक पांगले, नट रंग उतरवायला आत गेले. रिकाम्या खुर्च्यांमधून वाट काढत नाटककार त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला. दादाचे केस पार पांढरे झाले होते.

"आवडलं का रे, दादा?" त्याने चाचरत विचारलं.

"गुणी आहे रे तुझा तो धाकट्याचं काम करणारा नट. रडवलं त्याने मला," दादा म्हणाला आणि खुर्चीतून उठला.



"पण चुकला होतास तू. मग चाळीस वेळा माफी त्याला का मागायला लावलीस?"