खुणेच्या वर

"बाबा, तुम्ही अंधारात चमकता का?"

हा प्रश्न भिंगरीचा नव्हता. वर्गातल्या तिघींनी पैज लावली होती, की बापाला हे तोंडावर विचारायची तुझी हिंमत नाही. 'हिंमत नाही' एवढं ऐकलं, की भिंगरीला राहवत नसे. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ती हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. मग वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली आणि तेव्हापासून घरात इतरांना बोलायला जागाच उरली नव्हती.

बाबांनी घास गिळला. "चमकलो असतो तर तुझ्या आईने मला जिन्यात टांगून ठेवलं असतं. तिथला दिवा कधीचा गेलाय."

"चमकायचं राहू द्या," आई म्हणाली. "तो दिवा बदललात तरी पुष्कळ झालं."

"पण मैत्रिणींना काय सांगू? त्यांना पुरावा हवाय."

"बिल्ल्याला विचारा म्हणावं. तो खोटं बोलत नाही."

बिल्ला म्हणजे कामावर छातीला लावायची, आगपेटीएवढी पट्टी. अंगावर किती किरण पडले ते ती नोंदवते. बाबा अणुभट्टीतून निघालेल्या इंधनाच्या तलावावर होते. त्या इंधनाला तिथले लोक उष्टं म्हणत. भट्टीने खाऊन टाकलेलं, पण पानात बरंच उरलेलं. ते काही वर्षं खोल पाण्यात निवत पडतं. मग यारीने, म्हणजे क्रेनने, पाण्याखालूनच शेजारच्या इमारतीत नेतात आणि तिथे कापून, आम्लात विरघळवून त्यातलं कामाचं वेगळं काढतात.

यारी चालवायचे शिट्टीकाका. काठावर उभं राहून इंधनाच्या कांड्यांच्या जुडग्यांचे नंबर तपासायचे बाबा. सोळा वर्षांची जोडी. यारीच्या दांड्यावर एक लाल खूण होती. जुडगा त्या खुणेच्या वर उचलायचा नाही, कारण वरचं पाणी हीच काय ती किरण अडवणारी भिंत.

महिनाअखेरीला बिल्ले प्रयोगशाळेत गेले. सगळ्यांचे आकडे नेहमीसारखे आले. बाबांचा मात्र एरवी वर्षभरात येतो तेवढा एका महिन्यात आला.

तलावाचं काम थांबलं. बाबांना हातमोजे वाटायच्या खिडकीवर बसवलं. त्यांचं रक्त तपासलं, ते ठणठणीत निघालं. तरी आई त्यांच्याकडे उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशी बघू लागली.

चौकशी समितीचं म्हणणं सरळ होतं. जुडगा खुणेच्या वर उचलला गेला. धोक्याची घंटा वाजल्याची नोंद नाही, म्हणजे ती कुणीतरी बंद करून ठेवली होती. यारीवाला एकच. शिट्टीकाकांना सोमवारी शेवटचं बोलावलं. अशा बोलावण्यानंतर माणूस परत कामावर दिसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शनिवारी काका घरी आले. एरवी जिन्यातूनच त्यांची शिट्टी ऐकू यायची. त्या दिवशी त्यांनी दारावरची बेल वाजवली.

"शिट्टी विसरलात वाटतं," भिंगरी म्हणाली.

"ओठ सुकलेत, बाई." आईने दिलेला पाण्याचा पेला त्यांनी समोर तसाच ठेवला आणि बाबांकडे वळले. "तू काठावर होतास. तूच सांग, मी वर उचलला?"

"नाही."

"मग हे त्यांना सांग की."

"सांगितलं. म्हणाले, सोळा वर्षांचा दोस्त दुसरं काय सांगणार. उलट मलाच तीन तीनदा विचारलं, बिल्ला फाटकावरच्या खुंटीला लावूनच घरी जाता ना? म्हटलं, हो."

आई काकांसाठी पाणी आणायला उठली. काकांसमोरचा पेला काठोकाठ भरलेला होता.

"काका," भिंगरीने विचारलं, "किरण कुठून आले, ते बिल्ल्याला कळतं का?"

"नीट शोधलं तर अंदाज येतो म्हणतात. पण शोधायला आधी शंका यावी लागते ना. पावसाच्या भांड्याला कुणी विचारतं का, बाबा रे, ढग कुठला होता?" काका कसनुसं हसले. "हिला आपल्याच धंद्यात घाल रे. प्रश्न बघ कसे काढते."

"मंगळवारी शाळेत फॉर्म द्यायचाय," आई दाराशी येऊन म्हणाली. "सायन्स की कॉमर्स, बाईसाहेबांचं अजून ठरत नाहीये."

काका गेल्यावर भिंगरी ताटावरून तशीच उठली.

"दाढ पुन्हा दुखतेय का?" आईने विचारलं.

"नाही."

"मग जेवायला काय झालं?"

भिंगरी ताट मोरीत ठेवून आत निघून गेली. बोलायला मिळालेली संधी तिने सोडली, असं त्या स्पर्धेनंतर पहिल्यांदाच घडत होतं.

रविवारी सकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबा बुटांना पॉलिश करत होते. सोमवारी समितीने त्यांनाही बाहेरच्या बाकावर हजर राहायला सांगितलं होतं. भिंगरी खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली. दोन्ही हात मागे, स्पर्धेत उभी राहिली होती तशी.

"मी ठरवलंय."

"सुटलो," बाबा म्हणाले. "सायन्स ना?"

"गणिताचे मार्क बघा आधी," आई म्हणाली. "कॉमर्सच बरं."

"उद्या काकांच्या आधी मी आत जाणार आहे," भिंगरी म्हणाली. "बाबा, तुमच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी बिल्ला तुमच्या खिशातून घरी आला होता. दुसऱ्या दिवशी तो मी शाळेत नेला, मैत्रिणींना दाखवायला. आणि दुपारी आई मला दाढेचे एक्स-रे काढायला घेऊन गेली, तेव्हा तो माझ्या कॉलरला लावलेला होता."