लाल पेनड्राइव्ह

नात खुर्चीवरून उठून उभी राहिली. "आजोबा, चुकले. पासवर्ड दोन ठिकाणी वेगवेगळा पडलाय."

"बस. पुन्हा टाक," आजोबा म्हणाले आणि मनातून सुखावले. चूक झाली की उभं राहून आपल्या तोंडाने सांगायची, सांगणाऱ्याला ओरडा नाही, हा त्यांचा वर्गातला नियम. मास्तर निवृत्त झाले होते, नियम झाला नव्हता.

सुरू व्हायलाच पंधरा मिनिटं घेणारा घरचा कॉम्प्युटर भंगारात न देता त्यावर लिनक्स ही जुन्या यंत्रालाही झेपणारी प्रणाली बसवायची, असं दोघांचं ठरलं होतं. मॉनिटरच्या कडेला आजोबांनी ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली होती : आधी वाच, मग दाब.

नात पडद्यावर बोट ठेवून वाचत होती. "या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, म्हणतोय. पुसू?"

"पुस. मी सगळं आधीच उतरवून ठेवलंय."

"आजीच्या गोष्टीपण?"

"सगळ्यात आधी त्याच."

शेवटच्या आजारपणात, अंथरुणाला टेकून, आजीने नातीसाठी सत्तावीस गोष्टी या कॉम्प्युटरवर बोलून ठेवल्या होत्या. मधेमधे खोकला, मधेमधे "कुठे होते गं मी?"

नातीने बटण दाबलं. हिरवी पट्टी रांगत रांगत टोकाला पोचली. 'पेनड्राइव्ह काढा, मग एंटर दाबा.' तिने वाचलं, काढला, दाबलं. अर्ध्या मिनिटात पडदा उजळला. कोऱ्या पाटीसारखा स्वच्छ.

"म्हातारा पळायला लागला की हो. आता आजीला परत आत घेऊ. कुठे आहेत गोष्टी?"

"पेनड्राइव्हवर. लाल."

नातीने मूठ उघडली. "लाल तर हा."

"हा लिनक्सचा. तो..." आजोबांचा हात खणाकडे गेला आणि वाटेतच थांबला. घरात पेनड्राइव्ह एकच होता. सोमवारी त्यांनी त्यावर गोष्टी उतरवल्या होत्या. बुधवारी त्याच्यावरच लिनक्स चढवलं होतं.

त्यांनी ते नातीला तसंच सांगितलं.

"कॉम्प्युटरने तेव्हा विचारलं नव्हतं? पुसू का म्हणून?"

"विचारलं होतं."

"मग?"

"मी न वाचता दाबलं."

नातीने पेनड्राइव्ह परत खोचला. एकेक फोल्डर उघडलं. शोधायच्या चौकटीत 'आजी' लिहिलं, मग नुसतं 'आ' लिहिलं. काही सापडलं नाही. ती आजोबांकडे बघायची थांबली.

ओले हात पुसत लेक दारात आली. "झालं वाटतं. बाबा, आईची ती चपलेची गोष्ट लावा ना. आठवडा झाला तिचा आवाज ऐकून."

नातीने तोंड उघडलं. आजोबांनी मानेनेच तिला नको म्हटलं. मग टेबलाची कड धरून ते उभे राहिले. पाठ ताठ, हात बाजूला.

लेकीचे हात पुसता पुसता थांबले. तीही त्यांच्याच वर्गात शिकली होती.